शास्त्रात बसत नाही

मी गुरुजी झालो, त्यात माझा गुन्हा एवढाच की त्या सकाळी मी घरी होतो.

आम्हाला गिरगाव सोडून मीरा रोडला येऊन वर्ष होत आलं होतं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. खाजणात माती टाकून उभी केलेली आमची बिल्डिंग, तळमजल्यावर पावसाळ्यात बेडूक, नळाला पाणी नाही, टँकर आला की सगळे बादल्या घेऊन धावणार. पण सोसायटीला गणपती हवा म्हणजे हवा! भाईंदरच्या एका गुरुजींना महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. ते काही उगवले नाहीत. अर्ध्या भाईंदरला त्यांनी 'येतो येतो' म्हणून ठेवलं असणार. मूर्ती टेबलावर रुमालाखाली झाकलेली, मोदक गार होत चाललेले, पोरं रडकुंडीला आलेली, आणि आमचे सेक्रेटरी घाम पुसत एकेकाच्या तोंडाकडे बघतायत. बघता बघता त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"अहो, तुमचे वडील गावाला भिक्षुकी करतात ना?"

"वडील करतात. मी बँकेत कारकुनी करतो."

"रक्तात असतं हो ते! बसा, बसा. सोवळं नसलं तर टॉवेल चालेल."

टॉवेल गुंडाळून बसलो. आता खरं सांगायचं तर सोळाव्या वर्षीच मी संध्या सोडली होती. देव नाही, आणि असलाच तर त्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही, हे माझं मत पक्कं होतं, आणि ते मी कुणी न विचारता ऐकवत असे. गळ्यात जानवं होतं ते वडिलांच्या धाकाने. त्याचा उपयोग कपाटाची किल्ली अडकवायला. पण लहानपणी कोकणात वडिलांच्या मागे पिशवी घेऊन घरोघर फिरलो होतो. ऐकून ऐकून पाठ झालेलं कुठे जातंय? तोंड उघडलं आणि मंत्र आपले आपण बाहेर पडायला लागले. आरती झाल्यावर बायका म्हणाल्या, "काय स्पष्ट उच्चार हो!" बँकेत इतक्या वर्षांत मला कुणी बरं म्हटलं नव्हतं. मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

झालं, लोकांना रस्ता सापडला. त्या वर्षांत मीरा रोडला रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि रोज कुणाची तरी वास्तुशांत, कुणाचा तरी सत्यनारायण. माझा रविवार गेला, मग शनिवारची संध्याकाळ गेली. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाई जिन्यात गाठून म्हणायच्या, "महाराज, हमारे यहाँ भी कथा रखनी है, उस दिन छुट्टी लेना हं!" मी एकदोनदा स्पष्ट सांगून बघितलं. म्हटलं, अहो, माझा ह्या सगळ्यावर विश्वास नाही. तर सेक्रेटरी शेजारच्याला म्हणाले, "बघा, विनय बघा!" त्यानंतर मी तो नाद सोडला. सोडला म्हणजे काय, मला तो विनयसुद्धा आवडायला लागला होता.

बायकोला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. उत्तनहून एक मासेवाली पाटी घेऊन यायची. गिरगावातल्या मित्रांनी मला माशांची चटक लावली होती आणि आमच्या घरी मासे राजरोस शिजायचे. गुरुजी झाल्यावर पंचाईत! मासेवाली जिन्यातून ओरडायची, "बाय गो, बोंबील हाय ताजं, भटाला आवडतंय ना तुझ्या!" बायको तोंडावर पदर धरून हसत सुटायची. म्हणायची, "देखल्या देवाला दंडवत करायचा कंटाळा येणारे तुम्ही, आता लोकांचे देव बसवायला लागलात!" आमची लेक बाबा म्हणायची ती सोडली, तर अख्ख्या बिल्डिंगीत दोघीच मला गुरुजी म्हणत नसत. एक माझी बायको. दुसरी, आमच्या भिंतीपलीकडच्या घरातली मुलगी.

त्या घरात दोघीच राहायच्या, मायलेकी. मुलगी लहान असतानाच वडील गेलेले. आई साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची, ब्लाउज शिवायची; दिवसभर भिंतीतून मशीनचा आवाज यायचा आणि संध्याकाळी दिवेलागणीला कुकरची शिट्टी. भिंती इतक्या पातळ की त्यांच्या शिट्टीला आमची बायको आमचा गॅस बंद करायला उठायची. बाई देवभोळ्या नव्हत्या, देवभक्त होत्या. दोन्हींत फरक आहे, तो मला तेव्हा कळत नव्हता. कुणाकडून रुपया जास्त आला तर जिने चढून परत द्यायला जायच्या. मला आधी भाऊजी म्हणायच्या, गणपतीनंतर गुरुजी म्हणायला लागल्या आणि समोर आल्या की पदर सारखा करायला लागल्या.

मुलगी अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होती. तरतरीत पोर. मला काका म्हणायची. रविवारी सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला यायची आणि मग माझं भाषण सुरू व्हायचं. विधवेने कुंकू का लावायचं नाही? मुंजी मुलांच्याच का? बाईने अंत्यसंस्कार केले तर आकाश कोसळेल का? चहाचे कप रिकामे व्हायचे तरी माझं संपायचं नाही. ती पोर डोळे मोठे करून ऐकायची. एकदा म्हणाली, "काका, तुमच्यासारखी चार माणसं असली ना, तरी पुष्कळ आहे." मी मान हलवली. म्हणजे मलाही ते पटलं होतं!

तिचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, घरातली माणसं साधी. मुलीचे एक काका कल्याणला होते, बाईंचे धाकटे दीर. भाऊ गेल्यापासून त्यांनी ह्या दोघींची कधी फारशी चौकशी केली नव्हती. दिवाळीला यायचे, फराळ करायचे, जायचे. पण लग्न म्हटल्यावर कन्यादानाला कोण बसणार, तर तेच आणि त्यांची बायको, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. विधवा आई कशी बसणार?

लग्नाच्या याद्या करायला मुलाकडची माणसं यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी मुलगी आमच्याकडे आली. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "काका, एक काम आहे."

"बोल की."

"आईच्या मनात आहे की माझं कन्यादान तिनेच करावं. बोलत नाही, पण मला माहितीय. मशीनवर बसते आणि मध्येच थांबते. मला पण तेच पाहिजे. मला त्या काकांच्या हातून नकोय. त्यांना मी कितवी पास झाले ते पण माहीत नाही." तिने दाराची कडी हातात धरली. "कशीबशी तयार केलीय तिला, उद्या ती सगळ्यांसमोर तुम्हाला विचारणार आहे, शास्त्रात चालतं का म्हणून. तुम्ही फक्त 'चालतं' म्हणा. एवढंच. ती तुमचा शब्द मोडणार नाही."

मी म्हटलं, "एवढंच ना? वेडी आहेस का तू? अगं, म्हणणारच! चालतंच मुळी." आणि शिवाय तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो, काय ऐटीत ठेवला होता!

आणि चालतं, हे मला खरोखरच माहीत होतं. कन्यादानाचा अधिकार कुणाकुणाला, हे वडिलांनी मला लहानपणीच घोकून घेतलं होतं. बाप, आजा, भाऊ असे करत करत शेवटी आई येते. शेवटी का होईना, येते. पाठांतरातलंच नव्हे, डोळ्यांनी बघितलेलं होतं. आमच्या गावात एका विधवेला एकुलती एक मुलगी. बाकीचे भिक्षुक म्हणाले, लांबचा का होईना, चुलत दीर बोलवा. माझे वडील त्रिकाळ संध्या करणारे, सोवळ्यात पाण्याचा थेंब इकडचा तिकडे न करू देणारे. त्यांनी विचारलं, "आई जिवंत आहे ना?" लोक म्हणाले, आहे. "मग बसवा तिला पाटावर. जन्माला घालायला चालली, हात द्यायला का चालत नाही?" आणि दिलं लग्न लावून. त्या वर्षी दोन घरांनी आम्हाला श्राद्धाला बोलावलं नाही. वडिलांनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही. मी तेव्हा त्यांच्या शेजारी दर्भ घेऊन बसलो होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंच्या घरात सगळे जमले. खाली सतरंजी, भिंतीला टेकून मुलाचे वडील, त्यांचा एक थोरला भाऊ, करड्या मिशांचा, बोलायचा कमी आणि घसा खाकरायचा जास्त. ह्या बाजूला दीर, त्यांची बायको, सेक्रेटरी आणि मी. मी मध्यभागी. मला मुद्दाम लोड दिला होता. मानपान झाले, हॉल कुठला, जेवणात काय, सगळं ठरलं. पोहे झाले, चहा आला. तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या दारातून एक पाऊल बाहेर आल्या.

"गुरुजी, एक विचारू का?" त्यांचा आवाज लहान झाला होता. "कन्यादान मी केलं तर... शास्त्रात बसतं का ते?"

दिरांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. मुलाचा तो थोरला काका घसा खाकरून ताठ बसला. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलगी आईच्या मागे उभी होती. तिच्या ओठांवर हसू यायच्या बेतात होतं, कारण तिला माझं उत्तर माहीत होतं.

त्या क्षणी माझं काय झालं, ते मी पुढे कितीदा तरी तपासून बघितलं आहे. भीती म्हणावी, तर कुणाची? ते मिशीवाले गृहस्थ काही मला खाणार नव्हते. पण मनात आलं, मी 'चालतं' म्हटलं आणि ह्यांनी 'कुठे लिहिलंय, दाखवा' म्हटलं तर? मी ना धड शिकलेला, ना धड भटजी. टॉवेल गुंडाळून झालेला गुरुजी! उघडा पडलो तर? 'नाही' म्हणणाऱ्याला कुणी पुरावा मागत नाही. आणि दुसरं सांगतो, ते जास्त लाजिरवाणं आहे. इतकी माणसं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघतायत, लोडाला टेकून मी बसलोय, 'शास्त्र काय म्हणतं' हे मला विचारलंय. त्याला शोभेलसं, वजनदार काहीतरी माझ्या तोंडून निघावं, असं मला वाटलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

मी डोळे मिटले. हो, डोळे मिटले! आणि म्हणालो, "शास्त्रात बसत नाही."

मिशीवाल्यांनी श्वास सोडला. दीर म्हणाले, "तेच म्हणतो मी, आम्ही आहोत की वहिनी!" सेक्रेटरींनी मान डोलावली. बाई हळूच "बरं" म्हणाल्या. रागावल्या नाहीत की हिरमुसल्या नाहीत. चोरी करताना वेळेवर कुणी हात धरावा तशा, ओशाळं हसून दाराआड गेल्या. मुलगी पुढे आली आणि कप गोळा करायला लागली. माझा कप उचलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. कपात चहा बराच उरला होता, तोही तिने तसाच नेला.

घरी आलो तर बायको दारातच. पातळ भिंती, तिने सगळं ऐकलं होतं.

"हे काय बोललात तुम्ही?"

मी म्हटलं, "अगं, मुलाकडची माणसं जुन्या वळणाची. उगाच लग्न मोडलं असतं तर? मी त्या पोरीचंच भलं..."

"ती माणसं बोलली काही? कुणी एक शब्द बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. फक्त घसा खाकरला होता. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती, कोपऱ्यात बसून पाढे लिहीत होती. बायकोने तिच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या तुम्हाला काही झालं, तर हिच्या लग्नात मी पण अशीच दाराआड उभी राहू का? ते शास्त्रात बसतं ना?"

मला राग आला. खोटं पकडलं गेलेल्या माणसाला येतो तसला. मी म्हटलं, तुला काय कळतं, आणि पेपर उघडला. पेपर सकाळीच वाचून झाला होता.

लग्नाला अजून काही आठवडे होते. म्हणजे चूक सुधारायची असती तर वेळच वेळ होता! भिंतीपलीकडे तर जायचं होतं. दार वाजवायचं, म्हणायचं, "ताई, मी चुकलो. चालतं. माझ्या वडिलांनी केलंय." एवढी तीन वाक्यं. ऑफिसातून येताना शेअर रिक्षात बसून ती घोकायचो. बिल्डिंगीचा जिना आला की वाटायचं, आज नको, त्यांच्याकडे कुणीतरी दिसतंय. उद्या बघू. रविवारी पलीकडची मुलगी पेपर वाचायला आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मनात एकदा येऊन गेलं, बरंच झालं. असं वाटल्याची लाज नंतर वाटली. पण आधी बरंच वाटलं होतं.

लग्न भाईंदरच्या एका हॉलमध्ये झालं. लग्न लावायला अर्थातच मी. नवं सोवळं नेसून बसलो होतो, आता टॉवेलावर भागत नव्हतं. कन्यादानाची वेळ आली तेव्हा दीर आणि त्यांची बायको पाटावर येऊन बसली. दिरांच्या हातावर मुलाचा हात, त्यावर मुलीचा, खाली काशाचं भांडं. दिरांची बायको झारीतून पाण्याची धार सोडत होती आणि साडीवर थेंब उडतायत म्हणून मागे सरकत होती. मी संकल्प सांगत होतो. दिरांना मुलीच्या पणजोबांचं, म्हणजे स्वतःच्याच आजोबांचं नाव घ्यायचं होतं, तर ते अडखळले. मुलीने हळूच सांगितलं, तेव्हा त्यांनी म्हटलं.

आई कुठे होती? मी मान वर करून माणसांच्या फटीतून शोधलं. हॉलच्या मागच्या बाजूला, जिथे नारळांची पोती आणि लाडवांचे डबे ठेवले होते, त्या खोलीच्या दाराशी ती उभी होती. हातात नारळ. कुणी मागायला आलं की द्यायला. तिला तिथून पाटावरचं काहीच दिसत नसणार, कारण पुढे सगळी उभी माणसं. पण माझा आवाज ऐकू जात असणार. मी आवाज चढवला. का चढवला, मला माहीत नाही. तिला निदान ऐकू तरी यावं म्हणून, की माझं मलाच काही ऐकू येऊ नये म्हणून.

निघताना मुलगी सगळ्यांच्या पाया पडत आली. बायकोला मिठी मारून रडली. माझ्या पायाला हात लावला, उभी राहिली, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, टाकून बोलेल. बोलावंच तिने, मी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली, "येते, गुरुजी."

लग्नानंतर पंधरवड्याने बाई आमच्याकडे आल्या. दुपारची वेळ, बँकेला सुट्टी. हातात धोतरजोडी, वर सुपारी ठेवलेली. मी नको नको म्हणत असताना त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि खाली बसल्या. बायकोने खुर्ची पुढे केली, तरी खालीच बसल्या.

"गुरुजी, तुम्ही होतात म्हणून सगळं रीतीप्रमाणे झालं. नाहीतर माझं मन भलतीकडेच चाललं होतं." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. असं मनात आलं, ते पाप झालं का हो? करायचं राहिलं, पण मनात तर आलं होतं ना. पोरीला सासरी गेल्यापासून अंगात सारखी कणकण आहे. रात्रीची झोप नाही मला. म्हटलं, माझीच हाव तिला भोवत नाही ना? ह्याला काही प्रायश्चित्त असेल तर सांगा. काय लागेल ते करीन."

आतापर्यंत मी समजत होतो की एका समारंभात एका बाईला पाटावर बसू दिलं नाही, एवढीच माझी चूक. एवढी असती तर कसं तरी निभावलं असतं. पण मी जे थापलं होतं, ते ह्या बाईने आत नेऊन देवापाशी ठेवलं होतं. ज्या मायेने तिने पोर वाढवली, त्याच मायेला ती आता पाप म्हणत होती. आणि ते पाप मी तिला दिलं होतं, मी, ज्याचा पापावर विश्वासच नाही!

मी म्हटलं, "ताई, ऐका. पाप तुमचं नाही, माझं आहे. त्या दिवशी मी खोटं बोललो. आईने कन्यादान केलेलं चालतं. माझ्या वडिलांनी स्वतः लावलंय तसं लग्न, मी बघितलंय. मला माहीत होतं. चारचौघांत मी घाबरलो. आणि खरं सांगू? मी देवबिव मानतच नाही. पहिल्यापासून मानत नाही. विचारा हिला."

बायकोने दारातून मान हलवली. "खरं आहे वहिनी."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्या हसल्या, अगदी समाधानाने. "किती मोठं मन हो तुमचं, गुरुजी! माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःवर घेताय."

"अहो, नाही! देवाशप्पथ सांगतो!"

जन्मात पहिल्यांदा मी देवाची शपथ घेतली, आणि तीही देव मानत नाही हे पटवायला. बायकोने कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र कानाच्या पाळीला हात लावला. "शपथ नका घेऊ, गुरुजी, माझ्यासाठी. मला कळतंय. माणूस चारचौघांत बोलतो ते खरं. घरात जवळच्याला सांगतो, ती समजूत." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तुम्ही सांगणार नाही, मला माहीत होतं. तुमचा स्वभावच तसा. मी आपले कडक सोमवार धरते, रात्रीही जेवायचं नाही. शंकराला काय, साधी माणसं चालतात."

मी दारापर्यंत गेलो. आणखी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. त्या आपल्या घरात गेल्या आणि थोड्या वेळाने मशीन सुरू झालं.

त्यानंतर मी कुणाकडे पूजा सांगायला गेलो नाही. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा जिन्यात कुणाला तरी म्हणाले, "गुरुजींचा भाव वाढला." मुलीची कणकण साधीच होती, हवापाण्याची, गेली ती चार दिवसांत. आई म्हणाली, सोमवार धरल्याचं फळ. धोतरजोडी बायकोने घडी न मोडता कपाटात वरच्या फळीवर टाकून दिली. मी ती कधी नेसलो नाही आणि कुणाला देऊही शकलो नाही.

त्या पहिल्या सोमवारी मी ऑफिसातून आलो, हातपाय धुतले आणि बसून राहिलो. दिवेलागण झाली. भिंतीपलीकडे मशीन थांबलं, समईपुढे काही पुटपुटल्याचा आवाज आला. मी कुकरच्या शिट्टीची वाट बघत होतो. ती झाली नाही. आमचा कुकर तेवढा वाजला. बायकोने ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं, वरणभात, लिंबाची फोड, सगळं व्यवस्थित. मी हात लावेना, तेव्हा भिंतीकडे एकदा बघून ती म्हणाली, "जेवून घ्या, गुरुजी."